कॅमेरा : थांबावे की घ्यावे?



या सदराच्या टपालात गेल्या काही महिन्यांत एकाच आशयाची पत्रे वारंवार येऊ लागली आहेत. त्यांपैकी एका भगिनींचे पत्र मी मुद्दाम वेगळे काढून ठेवले आहे. त्या मध्य प्रदेशात राहतात. पती शिक्षक आहेत. कन्येला छायाचित्रणाची मनापासून आवड, म्हणून उभयतांनी काटकसर करून कॅमेऱ्यासाठी रक्कम बाजूला काढली. परंतु दुकानात जाण्याचा दिवस ठरला की त्यांचे चिरंजीव कोठून तरी वार्ता आणतात : दोन महिन्यांत याहून सरस नमुना येणार आहे, आज घेतलेला कॅमेरा उद्या मातीमोल होईल. असे होता होता अडीच वर्षे गेली. रक्कम बँकेत आहे, मुलगी शाळेतून महाविद्यालयात गेली, आणि मध्यंतरी घरातील आजींना ऐंशी वर्षे पूर्ण झाली त्या समारंभाचे एकही धड छायाचित्र घरात नाही. पत्राच्या शेवटी त्या विचारतात, आम्ही आणखी थांबावे काय?

मी हे सदर कोलकात्याच्या बेहाला या भागात बसून लिहितो. थांबणे म्हणजे काय, हे बेहालावासीयांना निराळे शिकवावे लागत नाही. जोक्याहून शहराच्या मध्यभागाकडे जाणाऱ्या मेट्रो मार्गाची कोनशिला तत्कालीन राष्ट्रपती श्रीमती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते सप्टेंबर २०१० मध्ये बसली. त्यानंतर डायमंड हार्बर रस्त्यावरील चहाच्या टपऱ्यांवर 'या पूजेपर्यंत गाडी सुरू होणार' ही वार्ता दर वर्षी नव्याने उगवत असे. उद्घाटन झाले ते डिसेंबर २०२२ च्या अखेरीस, तेही तारातलापर्यंतच. पुढच्या माझेरहाट स्थानकास गाडी पोचावयास मार्च २०२४ उजाडला. मधल्या बारा वर्षांत कोणीही कचेरीत जावयाचे थांबले नाही. बसने, रिक्षाने, प्रसंगी पायी, लोक जात राहिले. कॅमेऱ्याच्या बाबतीत मात्र हीच शहाणी माणसे फसतात.

माझा व्यवसाय अनुवादाचा. कॅमेऱ्यांविषयीचे जे वृत्त माझ्या मेजावर येते ते बहुतेक इंग्रजीत असते, आणि त्यात 'येणार आहे', 'येणार असे समजते', 'येण्याची शक्यता वर्तविली जाते' यांची अशी काही सरमिसळ असते की वाचणाऱ्यास तिन्ही एकच वाटावीत. मराठीत आणताना मात्र मला निवड करावीच लागते. आपल्या भाषेने या बाबतीत मोठीच सोय करून ठेवली आहे. बातमी निराळी, वदंता निराळी, आवई निराळी आणि कंडी तर अगदीच निराळी. बातमीला धनी असतो. तो नावानिशी उभा राहतो आणि किंमत व तारीख सांगतो. वदंतेला धनी नसतो, परंतु तिच्या बुडाशी काही तरी असू शकते. आवई भीतीतून उठते. आणि कंडी? ती आपोआप उठत नाही. कोणी तरी ती पिकवतो, आणि पिकवणाऱ्याचा त्यात काही तरी लाभ असतो. चिरंजीव घरात घेऊन येतात ते या चौघींपैकी कोण, एवढे ओळखता आले तरी अर्धे काम झाले.

छायाचित्रणाचा जन्मच मुळी वदंतेच्या पोटी झाला, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. ७ जानेवारी १८३९ रोजी पॅरिसच्या विज्ञान अकादमीत आरागो या शास्त्रज्ञाने जाहीर केले की दागेर नावाच्या गृहस्थास प्रकाशाकडूनच चित्र काढवून घेण्याची युक्ती साधली आहे. युक्ती कोणती, हे मात्र गुप्त. फ्रेंच सरकारने दागेरला वर्षाला सहा हजार फ्रँक आणि त्याच्या दिवंगत सहकाऱ्याचे पुत्र इसिदोर निएप्स यांना चार हजार फ्रँक असे तहहयात वेतन मान्य केले, आणि १९ ऑगस्ट रोजी सारी कृती जगापुढे ठेवली. मधले सात महिने युरोपभर तर्कवितर्कांना ऊत आला होता. ती कृती ऐकून अनेकांना आश्चर्य वाटले असेल : चांदीचा मुलामा दिलेला तांब्याचा पत्रा, त्यावर आयोडिनची वाफ, मग कॅमेऱ्यात उजेड, आणि शेवटी पाऱ्याची धुरी.

परंतु त्या सात महिन्यांत सर्वच जण नुसते तर्क करीत बसले नव्हते. इंग्लंडमध्ये सर जॉन हर्शेल यांच्या कानावर ही वार्ता गेली तेव्हा त्यांना कृतीचा एक शब्दही ठाऊक नव्हता. दागेरचे रहस्य फुटण्याची वाट न पाहता त्यांनी घरात होती ती रसायने काढली आणि आठवडाभरातच स्वतःच्या पद्धतीने प्रकाशचित्र उमटवून ते टिकविण्याचा मार्गही शोधला. 'हायपो' या नावाने छायाचित्रकारांच्या अंधाऱ्या खोलीत पुढे दीडशे वर्षे नांदलेले द्रव्य ते हेच. टॅल्बट यांनीही आपली वर्षानुवर्षे पडून राहिलेली चित्रे घाईघाईने बाहेर काढून त्याच जानेवारीत लंडनला मांडली. वार्ता एकच, परंतु तिने काहींना खिळवून ठेवले आणि काहींना कामाला लावले.

आपल्या देशात हे वृत्त जहाजाने आले, आणि तरीही ते किती लवकर आले पाहा. डिसेंबर १८३९ मध्ये 'बाँबे टाइम्स'ने दागेरच्या पद्धतीवर तीन भागांत मजकूर छापला. पाठोपाठ जानेवारी १८४० मध्ये कलकत्त्याच्या थॅकर कंपनीने 'फ्रेंड ऑफ इंडिया' पत्रात हे कॅमेरे विक्रीस असल्याची जाहिरात दिली. म्हणजे पॅरिसमध्ये रहस्य उघड झाल्यापासून पाच महिन्यांत हुगळीच्या काठी दुकानात यंत्र हजर! आजदेखील परदेशात जाहीर झालेला एखादा कॅमेरा आपल्या गावच्या दुकानात यावयास काही वेळा याहून फारसा कमी काळ लागत नाही, हे या ठिकाणी सांगावेसे वाटते. मुंबईत १८५४ मध्ये आणि कलकत्त्यात १८५६ मध्ये छायाचित्रकारांची मंडळे स्थापन झाली. मुंबईच्या मंडळात डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे आपले लोक होते, आणि मंडळाचे स्वतःचे नियतकालिकही निघत असे.

मराठी माणूस आणि कॅमेऱ्याची वार्ता हा विषय निघाला म्हणजे दोन नावे टाळता येत नाहीत. पहिले हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजेच सावेदादा. जुलै १८९६ मध्ये मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे दाखविण्यात आली. सावेदादा स्वतः छायाचित्रकार. त्यांनी लंडनहून एकवीस गिनींचा चलच्चित्र-कॅमेरा मागविला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमधील कुस्तीचे चित्रीकरण केले. पडद्यावरचा परिणाम त्यांनी आधी डोळ्यांनी पाहिला होता आणि नंतरच पैसे मोजले होते, याची नोंद घ्यावी.

दुसरे अर्थातच दादासाहेब फाळके. 'बायोस्कोप' या लंडनच्या साप्ताहिकाचे ते वर्गणीदार होते. आजच्या भाषेत बोलावयाचे तर यंत्रसामग्रीच्या बातम्यांचे ते नियमित वाचक. नुसते वाचून त्यांचे समाधान झाले नाही. विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून १९१२ च्या प्रारंभी ते लंडनला गेले, त्याच साप्ताहिकाच्या कचेरीची पाटी पाहून आत शिरले आणि संपादक कॅबोर्न यांना भेटले. कॅबोर्न यांनी आधी त्यांना परावृत्त करण्याचा प्रयत्न केला. पुढे त्यांच्याच ओळखीने फाळके हेपवर्थ यांच्या वॉल्टन येथील स्टुडिओत गेले, प्रत्यक्ष काम पाहिले आणि मग विल्यमसन कंपनीचा कॅमेरा विकत घेतला. त्या वेळी बाजारात याहून नवे काही येऊ घातले नव्हते असे कोण म्हणेल? चलच्चित्राचा तो बाल्यकाळ. यंत्रे झपाट्याने बदलत होती. परंतु परत आल्यावर फाळक्यांनी कुंडीतील वाटाण्याच्या वेलाची वाढ महिनाभर थोडी थोडी टिपली आणि तो चिमुकला चित्रपट दाखवून भांडवल उभे केले. फिल्मला भोके पाडण्याचे आणि ती धुण्याचे काम सरस्वतीबाई घरातच करीत. ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला तो त्याच कॅमेऱ्याच्या जोरावर. आणि कोल्हापूरचे बाबुराव पेंटर यांनी तर पुढे स्वतःच कॅमेरा घडविला! असो.

स्वातंत्र्यानंतरची कित्येक दशके अशी गेली की आपल्याकडे परदेशी कॅमेऱ्याच्या बातम्या येत, परंतु आयातीच्या निर्बंधांमुळे कॅमेरा येत नसे. घराघरांत दिसे तो येथेच तयार होणारा आग्फा क्लिक थ्री. फिल्मसाठी उदकमंडल येथे सरकारने हिंदुस्तान फोटो फिल्म्स हा कारखाना १९६० मध्ये काढला. त्याची 'इंदू' फिल्म अनेक वाचकांच्या स्मरणात असेल. आणि बेहाल्यापासून फार दूर नसलेल्या जादवपूर येथे नॅशनल इन्स्ट्रुमेंट्स हा सरकारी कारखाना होता. त्याचे मूळ १८३० मधील मोजणीच्या उपकरणांच्या कचेरीपर्यंत जाते. १९८० नंतरच्या दशकात तेथे 'नॅशनल ३५' हा कॅमेरा तयार झाला. त्याची घडण जर्मनीच्या रेगुला कॅमेऱ्यावर बेतलेली. जपानच्या कोनिका कंपनीने आपोआप अंतर जुळवून घेणारा कॅमेरा १९७७ मध्येच बाजारात आणला होता. त्यामुळे आमचा 'नॅशनल' जन्मतःच मागे पडलेला होता हे कबूल केले पाहिजे. पुढे कारखाना बंद पडला आणि ती जागा जादवपूर विद्यापीठाकडे गेली. तरी जुन्या वस्तूंच्या बाजारात एखादा 'नॅशनल ३५' अजून भेटतो, आणि फिल्म घातली तर चित्र देतो.

आता आजच्या वदंतेकडे वळू. ती कशी जन्मते हे कळले म्हणजे तिचा दरारा बराच कमी होतो. आजकालच्या बहुतेक कॅमेऱ्यांत बिनतारी संदेशाचे छोटे यंत्र असते. अशी वस्तू विकण्यापूर्वी निरनिराळ्या देशांच्या सरकारी दप्तरी तिची नोंद करावी लागते. या नोंदी काही ठिकाणी कोणालाही पाहता येतात. तेथे कॅमेऱ्याचे नाव नसते, केवळ सांकेतिक क्रमांक असतो. परंतु जाणकार त्यावरून ताडतात की अमुक कंपनीचे काही तरी येत आहे. या वदंतेत तथ्य असते, पण तपशील नसतो. दुसरा उगम म्हणजे पेटंटचे अर्ज. अर्ज दाखल झाल्यावर साधारणपणे अठरा महिन्यांनी तो प्रसिद्ध होतो आणि त्यातील भिंगाच्या आकृत्या पाहून 'असे भिंग येणार' अशी हाकाटी सुरू होते. वास्तविक कंपन्या पुष्कळ पेटंटे केवळ वाट अडवून ठेवण्यासाठी घेतात. त्यांतील बहुतेक भिंगे कधीच घडत नाहीत. तिसरा उगम दुकानदार. जुन्या नमुन्याची किंमत अचानक उतरली की नवा नमुना जवळ आला असे समजण्यास हरकत नाही. मात्र काही वेळा कारण इतकेच असते की गोदाम रिकामे करावयाचे आहे.

आवईचे उदाहरण द्यावयाचे तर ऑलिंपसचे देता येईल. २०१९ च्या नोव्हेंबरात अशी आवई उठली की ही जपानी कंपनी कॅमेऱ्याचा धंदा गुंडाळणार. कंपनीने ठाम इन्कार केला. २४ जून २०२० रोजी त्याच कंपनीने हा विभाग एका गुंतवणूक संस्थेच्या हवाली करीत असल्याचे जाहीर केले. मग आवई खरी ठरली म्हणावे काय? तेही नाही. जानेवारी २०२१ पासून तो विभाग नव्या कंपनीच्या रूपाने चालू राहिला, कॅमेरे निघत राहिले, भिंगेही निघत राहिली. ज्यांनी इन्कारावर विसंबून निश्चिंत व्हावे ते चुकले, आणि ज्यांनी घाबरून सर्व सामान विकले तेही चुकले.

आरशाच्या कॅमेऱ्यांचे, म्हणजे ज्यांना एसएलआर म्हणतात त्यांचे, असेच झाले. २०२१ च्या डिसेंबरात कॅननच्या प्रमुखांनी एका जपानी वृत्तपत्रास सांगितले की त्यांचा वन-डी एक्स मार्क थ्री हा त्या सर्वोच्च श्रेणीतील अखेरचा आरशाचा कॅमेरा ठरेल. ही बातमी, कारण तिला धनी होता. जुलै २०२२ मध्ये जपानच्या 'निक्केई'ने छापले की निकॉन आरशाचे कॅमेरे विकसित करणे थांबवीत आहे. निकॉनने उत्तर दिले की हा तर्क आहे, उत्पादन, विक्री आणि दुरुस्ती चालू आहे. दोघांचे म्हणणे काळजीपूर्वक वाचले तर लक्षात येते की त्यांत विरोध नाही. नवे काढणार नाही आणि जुने विकत राहू, ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात. परंतु घाबरलेला मनुष्य इतके सावकाश वाचत नाही.

या घाबरण्याची किंमत मी आमच्या गल्लीत पाहिली आहे. गल्लीच्या तोंडाशी एका गृहस्थांचा लहानसा स्टुडिओ आहे. आम्ही सर्व त्यांना दादा म्हणतो. पारपत्राची छायाचित्रे, अन्नप्राशन, लग्ने आणि पूजेच्या दिवसांत बारिशा आणि बेहाल्याचे मंडप, एवढ्यावर त्यांचा संसार चालतो. हिशेब बौदी ठेवतात. दादांजवळ आरशाचा कॅमेरा आणि तीन उत्तम भिंगे होती. कोणत्या कंपनीची, हे सांगण्याचे कारण नाही. त्या दिवसांत त्यांच्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याने त्यांना सांगितले की आता या भिंगांना सहा महिन्यांनी कोणी विचारणार नाही, आज देता तर घेतो. दादांनी दोन भिंगे खरेदीच्या चौथाई किमतीस देऊन टाकली. त्या हिवाळ्यात लग्नसराई आली तेव्हा तीच जातीची भिंगे धर्मतल्ल्याच्या मेट्रो गल्लीतून, म्हणजे मेट्रो चित्रपटगृहाशेजारच्या कॅमेऱ्यांच्या बाजारातून, दिवसाच्या भाड्याने आणावी लागली. बौदींनी वही उघडून मला दाखविली : तीन महिन्यांचे भाडे भिंगांच्या आलेल्या किमतीहून अधिक झाले होते. मुलीच्या शिकवणीची फी त्या तिमाहीत उशिरा भरली गेली.

या प्रकारात अधिक वाईट वाटावे अशी गोष्ट ही की, आरशाची भिंगे नव्या आरसाविरहित कॅमेऱ्यास जोडता यावीत म्हणून कॅनन आणि निकॉन या दोन्ही कंपन्यांनी २०१८ मध्येच 'अडॅप्टर' नावाची जोडकडी विकावयास काढली होती. तिने जुनी सर्वच भिंगे पूर्वीप्रमाणे आपोआप अंतर जुळवतात असे नव्हे. काही फार जुन्यांस हाताने फिरवावे लागते. पण दादांची भिंगे त्यांतली नव्हती. व्यापाऱ्याला हे ठाऊक नसेल असे मला वाटत नाही. म्हणूनच त्याच्या बोलण्यास मी आवई म्हणत नाही. ती कंडी होती.

कॅमेऱ्यांचा बाजार आकसला आहे हे मात्र खरे, आणि कंपन्यांची धास्ती त्यातूनच आली आहे. जपानी उत्पादकांच्या संघटनेच्या आकड्यांप्रमाणे २०१० मध्ये सुमारे १२ कोटी १० लाख डिजिटल कॅमेरे जगभर पाठविण्यात आले. २०२३ मध्ये सुमारे ७७ लाख. उरलेले काम दूरध्वनीने केले. ज्या घरात दूरध्वनीचा कॅमेरा पुरतो त्या घराने निराळा कॅमेरा घेण्याची मुळीच निकड नाही, हे मी या सदरातून पूर्वीही लिहिले आहे आणि त्यावर रागाची पत्रेही आली आहेत.

सॉफ्टवेअरचा, म्हणजे चित्रांवर संस्कार करणाऱ्या संगणकीय आज्ञावलीचा, प्रश्न याहून नाजूक आहे. कॅमेरा जुना झाला तरी आपल्या हातात राहतो. आज्ञावली मात्र आता बहुधा भाड्याची असते. अडोबी कंपनीने मे २०१३ मध्ये जाहीर केले की फोटोशॉपच्या नव्या आवृत्त्या यापुढे एकरकमी विकत मिळणार नाहीत, वर्गणी भरावी लागेल. त्यांच्या लाइटरूमची एकरकमी मिळणारी सहावी आवृत्ती शेवटची ठरली. २०१७ च्या अखेरीस तिची सुधारणा थांबली. त्यानंतर निघालेल्या कॅमेऱ्यांच्या कच्च्या प्रतिमा ती आवृत्ती ओळखत नाही. नव्या कॅमेऱ्याची किंमत मोजताना हा खर्च कोणी धरीत नाही : नवा कॅमेरा, म्हणून नवी आज्ञावली, आणि काही घरांत तिला पेलेल असा नवा संगणक. अडोबीचाच एक विनामूल्य परिवर्तक आहे, तो नव्या कच्च्या प्रतिमा जुन्या आवृत्तीस समजेल अशा खुल्या स्वरूपात उतरवून देतो. त्याने पुष्कळांचे काम भागते. वर्गणी थांबविली तर लाइटरूममध्ये आपली चित्रे दिसतात, बाहेरही काढता येतात. संस्कार करण्याचा कक्ष मात्र बंद होतो. 'वर्गणी थांबली की चित्रे नाहीशी होतात' ही निव्वळ आवई आहे.

अफिनिटी या आज्ञावलीचे उदाहरण तर मोठे मासलेवाईक. ती एकरकमी मिळे म्हणून पुष्कळांना प्रिय होती. मार्च २०२४ मध्ये कॅनव्हा कंपनीने ती घेतली, आणि लगोलग सर्वत्र बोलबाला झाला की आता वर्गणी येणार. कंपनीने एकरकमी विक्री चालू ठेवण्याची हमी दिली. पुढे ऑक्टोबर २०२५ मध्ये झाले काय, तर आज्ञावली विनामूल्यच करण्यात आली! भाकिते करणाऱ्यांपैकी कोणी हे भाकीत केल्याचे माझ्या वाचनात नाही. विनामूल्य मिळणारे उद्या कोणत्या अटीवर मिळेल, हा प्रश्न मात्र उरतोच. ॲपलने आपली ॲपर्चर ही आज्ञावली जून २०१४ मध्ये सोडून दिली, आणि २०१९ च्या नव्या प्रणालीवर ती चालेनाशी झाली. 

याबाबत मी अधिकाराने बोलतो, कारण यात मी स्वतः हात पोळून घेतले आहेत. माझे वडील सेवानिवृत्तीनंतर अकोल्याच्या घरातील जुनी छायाचित्रे संगणकात उतरवीत बसत. आठशेच्या वर चित्रे त्यांनी उतरविली आणि प्रत्येकातील माणसांच्या चेहऱ्यावर चौकट काढून त्यांची नावे लिहिली : कोण कोणाची आत्या, कोण वऱ्हाडातील, कोण कोकणातून आलेली. नंतर ती आज्ञावली बंद होणार अशी वार्ता आली. या वेळी वार्ता खरी होती, आणि मी तिच्याकडे दुर्लक्ष केले. वडील गेल्यानंतर मी चित्रे नव्या संगणकावर घेतली. प्रत्येक कप्प्यात एक लहानशी लपलेली फाइल होती. ती निरुपयोगी समजून मी मागे ठेवली, आणि जुना संगणक भंगारात दिला. नावे त्या लहान फाइलींत होती. दोष आज्ञावलीचा नव्हता. तिच्यात नावे चित्रातच कोरून ठेवण्याची सोय होती, ती मी कधी उघडून पाहिली नाही. आज माझ्यासमोर १९५० नंतरच्या कधीच्या तरी एका लग्नाचे चित्र आहे. त्यात सोळा माणसे उभी आहेत. मी सहा जणांना ओळखतो.

म्हणून माझी सर्व वाचकांस विनंती आहे की नावे, गाव आणि साल ही माहिती आज्ञावलीच्या पोटात न ठेवता चित्राच्या फाइलमध्येच लिहवून घ्यावी. ते न जमल्यास फाइलच्या नावातच लिहावी. महत्त्वाची वीस-पंचवीस चित्रे कागदावर छापून घ्यावी आणि मागे, कडेला, मऊ शिसपेन्सिलीने नावे लिहावी. मूळ चित्र कधीही पुसू नये. प्रत दोन ठिकाणी असावी, आणि त्यांपैकी एक दुसऱ्या घरी.

आता त्या भगिनींस उत्तर. ताई, आपण थांबू नये. चिरंजीवांना तीन प्रश्न विचारावेत : हे कोणी नावानिशी सांगितले आहे, किंमत आपल्या देशाच्या रुपयांत जाहीर झाली आहे काय, आणि दुकानदार आज त्याची नोंदणी घेतो काय? तिन्हीस होकार असेल तर महिनाभर जरूर थांबावे, कारण नवा आला की जुन्याची किंमत उतरते आणि आपल्या कन्येस तो जुनाच पुरेसा आहे. एकासही नकार असेल तर येत्या रविवारी दुकानात जावे. आरशाचा असो वा आरसाविरहित, हातात धरून पाहावा. बोटे कळांपर्यंत नीट पोचतात की नाही ते मुलीने स्वतः पाहावे. दुरुस्तीचे केंद्र आपल्या गावी किंवा जवळच्या शहरी आहे काय, हे विचारावे. रकमेतील सर्वच पैसे कॅमेऱ्यावर न घालता थोडे चांगल्या भिंगासाठी राखावे. कॅमेरा बदलला तरी भिंग पुढे चालते. आणि कॅमेऱ्याची अंतर्गत आज्ञावली कंपन्या मधूनमधून विनामूल्य सुधारून देतात, तिची चौकशी दर सहा महिन्यांनी करावी. त्या बातमीला मात्र चिरंजीवांनी अवश्य कान द्यावा. त्यात घेतलेल्या कॅमेऱ्याचेच गुण वाढतात आणि खर्च काही नाही. आजींचे छायाचित्र पहिल्याच दिवशी घ्यावे. खिडकीजवळ बसवावे, दिवा लावू नये.

दादांनी गेल्या वर्षी एक भिंग परत घेतले, जुन्या बाजारातून, आपण विकले होते त्याच जातीचे. कोणी म्हणते ते त्यांचेच आहे. त्याच्या कडेवर तसाच ओरखडा आहे. बौदींना विचारले तर त्या हसून वहीत किंमत दाखवितात. परवा दादा भेटले तेव्हा मेट्रो गल्लीस निघाले होते, आणि आमच्या बेहाल्याची मेट्रो धर्मतल्ल्यापर्यंत कधी जाणार याची नवीन तारीख त्यांना कोणी तरी सांगितली होती. ती त्यांनी मला सांगितली, आणि समोरून आलेल्या बसमध्ये चढले.